आवाजाची ड्युटी

आमच्या हॉस्पिटलमध्ये आठवड्याच्या ड्युट्यांचा कागद सोमवारी सकाळी बोर्डावर लागायचा. ओपीडी, वॉर्ड, कॅम्प, इमर्जन्सी असं सगळं त्यावर टाइप केलेलं असायचं. सगळ्यात खाली पेन्सिलीनं एक ओळ असायची. त्या ड्युटीला अधिकृत नाव नव्हतं. आम्ही रेसिडेंटांनी तिचं नाव ‘आवाज’ ठेवलं होतं. पेन्सिल अशासाठी, की वरून कोणी तपासणीला आलं तर खोडरबर फिरवता यावं. पुण्यात प्रत्येक गोष्टीची पाटी असते म्हणतात. या गोष्टीची नव्हती.

डोळ्यांची डॉक्टर होण्यासाठी मी तीन वर्षं त्या धर्मादाय हॉस्पिटलमध्ये काढली. त्याचं नाव इथे लिहीत नाही. भीती वाटते म्हणून नाही, असं लिहिणार होते, पण थोडी वाटतेच. सर्जन व्हायचं म्हणजे हात तयार व्हावा लागतो, आणि तो पुस्तकं वाचून होत नाही. त्याला डोळे लागतात, जिवंत माणसांचे. आमची बस आठवड्यातून दोनदा शहराच्या कडेच्या वस्त्यांमधून फिरायची आणि मोतीबिंदू पिकलेली माणसं घेऊन यायची. ऑपरेशन फुकट, औषध फुकट, राहणं-जेवण फुकट. पहिलं वर्ष मी त्या माणसांच्या डोळ्यांत थेंब घालण्यात आणि त्यांच्या पापण्यांचे केस कापण्यात घालवलं. दुसऱ्या वर्षी ऑपरेशनं मिळतील, असं आम्हाला सांगितलं होतं. दुसऱ्या वर्षी पाहुणे आले.

पाहुणे म्हणजे परदेशातले रेसिडेंट. आमच्यासारखेच शिकणारे, आमच्याच वयाचे. त्यांच्या देशांत मोतीबिंदू पिकूच देत नाहीत. जरा धूसर दिसायला लागलं की यंत्रानं काढून टाकतात. त्यामुळे पिकून कडक झालेला मोतीबिंदू नुसत्या हातानं, एका छोट्या बोगद्यासारख्या छेदातून अख्खा बाहेर कसा काढायचा, हे शिकायला त्यांना बाहेर पडावं लागतं. आमच्याकडे अशा मोतीबिंदूंना तोटा नव्हता. चार आठवड्यांसाठी एकेक जण यायचा. त्यांच्याकडे त्याला परदेशी प्रशिक्षण म्हणतात आणि अर्जात त्याचं वजन पडतं.

अडचण एकच होती. इथे कोणाला हात लावायचा परवाना त्यांच्याकडे नव्हता. कागदोपत्री ते फक्त बघायला आलेले असायचे. म्हणून केसपेपरवर ‘शस्त्रक्रिया करणार’ या ओळीपुढे आमच्यापैकी कोणाचं तरी नाव पडायचं. ऑपरेशन त्यांचं, नाव आमचं. वर गंमत अशी, की परीक्षेला बसायला ठरावीक ऑपरेशनं आमच्या वहीत लागत, आणि ही ऑपरेशनंसुद्धा त्या वहीत चढत. म्हणजे आम्हालाही गप्प राहायला कारण होतं. तेरी भी चुप, मेरी भी चुप.

आता आवाजाचं सांगते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनात पेशंट जागा असतो. डोळ्याच्या मागे इंजेक्शन दिलं की डोळा बधिर होतो, मग तोंडावर हिरवं फडकं येतं, त्याला एका डोळ्यापुरतं भोक. खालच्या माणसाला दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. ‘‘त्यांच्या कानांवर मराठीच पडली पाहिजे,’’ आमचे सर म्हणायचे. ‘‘उगाच घाबरतात बिचारे.’’ सर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख, बोलण्यात मोजके आणि तिरके. त्यांनी ठरवलेल्या पद्धतीप्रमाणे पाहुण्यानं तोंडातून शब्द काढायचा नाही. एका रेसिडेंटनं टेबलाच्या डोक्याशी उभं राहायचं आणि बोलायचं. पाहुण्यानं कोपरानं एकदा ढोसलं, की म्हणायचं, ‘‘खाली बघा, आजी.’’ दोनदा ढोसलं, की ‘‘वर बघा.’’ कोपर दाबून धरलं, की ‘‘अजिबात हलू नका, झालंच आता.’’ पेशंटला वाटायचं, जी बोलतेय तीच करतेय. वाटावं, हाच हेतू होता. पहिल्या दोन वेळा मला त्याचं हसू आलं होतं, हे कबूल करते.

ज्या आजींबद्दल लिहायला बसले, त्या येरवड्यातल्या. मंडईच्या बाहेर, फुलवाल्यांच्या ओळीच्या टोकाला बसून दूर्वा, आघाडा, बेल विकायच्या. पासष्टीच्या असतील. येरवड्याच्या एका शाळेत आमचा कॅम्प होता, तिथे सून त्यांना जवळजवळ ओढतच घेऊन आली होती. उजवा डोळा पूर्ण पांढरा झालेला, समोर धरलेली बोटंही मोजता येत नव्हती. डाव्यातही सुरुवात होती. पण ऑपरेशन म्हटलं की त्या उठून चालायला लागायच्या. शेजारच्या कोणाचा तरी डोळा ऑपरेशननंतर गेला होता.

मी त्यांच्याजवळ शाळेच्या बाकावर बसले. घाई नव्हती, म्हणून त्या बोलल्या. एकवीस दूर्वांची जुडी बांधताना हल्ली चुकतं म्हणाल्या. बोटांना सवय आहे, पण पान तिनाचं की पाचाचं ते डोळ्यालाच कळतं. आणि पुण्यातली माणसं! एका आजोबांनी जुडी घरी नेऊन मोजली आणि एकोणीसच आहेत म्हणून दुसऱ्या दिवशी परत आणून दिली.

‘‘म्हनलं, देवाला म्हाईत बी न्हाई, तुमीच चुगली करताय,’’ त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग गंभीर झाल्या. ‘‘डोळं गेलं तर मला घरात बसावं लागंल, बाई. घरात मी कुनाला नको हाय. मंडईत हाय तवर हाय मी.’’

सून शेजारीच उभी होती. ती खाली बघत राहिली.

‘‘मी स्वतः करते तुमचं ऑपरेशन,’’ मी म्हणाले. असं म्हणायचा मला काही अधिकार नव्हता. पण यादीत माझं नाव येणार होतं, माझा नंबर होता, आणि मला त्या आवडल्या होत्या.

‘‘तुमी करनार?’’ त्यांनी माझे हात हातात घेतले आणि बोटं चाचपून बघितली, भाजी घेताना बघतात तशी. ‘‘तुमी करनार आसाल तर येते.’’

त्या आल्या, त्या या एका वाक्यावर आल्या. सरांच्या नावावर नाही, हॉस्पिटलच्या नावावर नाही.

ऑपरेशनच्या दिवशी आजी दोन नंबरच्या टेबलावर होत्या. उजव्या भुवईवर चिकटपट्टी लावून ठेवलेली, केसपेपरवर माझं नाव. मी हात धुतले. हात धुतल्यावर ते छातीसमोर वर धरायचे असतात, कशाला लागू द्यायचे नसतात. तसे ते धरून मी आत जात होते, तेवढ्यात सर दारात भेटले.

‘‘दोन नंबरला आज पाहुणे करतील. तू आवाज.’’

‘‘सर, त्या पेशंटला मी शब्द दिलाय.’’

‘‘शब्द तू दिलास. टेबल मी देतो.’’

‘‘मोतीबिंदू फार कडक आहे, सर. त्यांना झेपेल का?’’

सरांनी चष्म्यावरून बघितलं. ‘‘तुला झेपला असता?’’

या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही. कदाचित नसता झेपला. पण त्या वेळी मी उत्तराचा विचार करत नव्हते, मी घाबरले होते. सरांची सही नसेल तर तीन वर्षं पाण्यात जातात, हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी धुतलेले हात खाली सोडले. त्यानंतर ते कशालाही लागले तरी चालण्यासारखं होतं.

पाहुणा उंच होता, कानाच्या पाळ्या लालभडक. थंड देशातला. वाईट म्हणावं असं त्याच्यात काहीच नव्हतं, आणि त्याचाच मला राग यायचा. रोज सकाळी वॉर्डात प्रत्येक खाटेपाशी थांबून हात जोडायचा. आम्हाला चॉकलेटं आणायचा. त्या दिवशी त्यानं माझ्याकडे बघून मान लववली आणि बसला. मी आजींच्या डोक्याशी उभी राहिले.

‘‘आजी, मी आहे बरं का,’’ मी म्हणाले.

‘‘आलात व्हय. करा मग,’’ फडक्याखालून आवाज आला.

सुरुवात चांगली झाली. छेद नीट झाला. एक ढोसणी, खाली बघा. दोन ढोसण्या, वर बघा. मग मोतीबिंदू बाहेर काढायची वेळ आली आणि तो छेदात अडकला. छेद लहान पडला होता. अशा वेळी थांबायचं, छेद वाढवायचा, हे मला दिसत होतं. त्याला दिसत नव्हतं, किंवा दिसूनही हात थांबत नव्हता. तो जोर लावायला लागला. त्याचं कोपर माझ्या दंडावर दाबलेलं होतं, म्हणजे पेशंटला हलू नका म्हणून सांग. पेशंट हलत नव्हती. हलत होता तो.

मला बोलता आलं असतं. ‘थांब, छेद वाढव,’ एवढंच इंग्रजीत म्हणायचं होतं. पण इंग्रजी बोललं की फडक्याखाली कळणार, समोर कोणीतरी दुसरं आहे. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात आजी म्हणाल्या, ‘‘बाई, दाबल्यागत व्हतंय. तुमीच करताय न्हवं?’’

‘‘हो आजी, मीच करतेय. बोलू नका, डोळा हलतो.’’

हे मी म्हणाले. कोणी म्हणायला लावलं नाही. कोपराची खूण नव्हती, सर पलीकडच्या टेबलावर होते. माझी मी म्हणाले, इतक्या सहज, की शेजारच्या सिस्टरनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

भिंगाच्या मागे एक अतिशय पातळ पडदा असतो. मोतीबिंदू काढला तरी तो पडदा शाबूत राहावा लागतो, कारण नवं भिंग त्याच्याच आधारानं बसतं. तो फाटला. डोळ्यात काहीतरी एकदम खोल गेल्यासारखं दिसलं आणि मोतीबिंदूचा मोठा तुकडा मागे तळाशी गेला. पाहुण्यानं हात वर घेतले आणि मास्कवरून माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरले होते. मी सरांना हाक मारली. सर आले, बसले, अर्धा तास त्यांनी जमेल तितकं सावरलं. या सगळ्या वेळात मी बोलत होते. ‘‘झालंच आजी. थोडा वेळ लागतोय. शाबास, छान सहकार्य करताय.’’

त्या छान सहकार्य करत होत्या.

केसपेपर मी भरला. ‘शस्त्रक्रिया करणार’पुढे माझं नाव आधीच होतं. त्याच्या खाली ‘गुंतागुंत’ अशी ओळ असते, तिथे काय झालं ते मी माझ्या अक्षरात लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे, वडील मास्तर होते. नंतर आठवड्यानं दुसऱ्या एका सर्जननं तळातला तुकडा काढला, पण डोळा सूज धरून बसला, बुबुळाच्या पुढचा भाग पांढरट होत गेला. शेवटी त्या डोळ्याला उजेड कळायचा, एवढंच. दर तपासणीला मी तेच सांगायचे, ‘‘मोतीबिंदू फार पिकला होता, आजी.’’ ते खरंच होतं. खऱ्याचा असाही उपयोग होतो, हे मी तिथे शिकले.

‘‘तुमी केलं त्ये केलं,’’ आजी एकदा म्हणाल्या. बास, तेवढंच. मला वाटलं, माफ केलं.

पाहुण्याला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तो परत टेबलावर बसला. शिकायलाच आला होता, न बसून करतो काय? जाण्याआधी मला म्हणाला, तू माझ्यासाठी फार केलंस, मी हे विसरणार नाही. तो विसरला नाही. दोन महिन्यांनी सरांनी मला खोलीत बोलावलं. त्याच्या विभागाच्या प्राध्यापकांनी मला तिकडे चार आठवडे यायचं निमंत्रण दिलं होतं. आमच्या बॅचमध्ये कोणालाच असं काही मिळालं नव्हतं.

‘‘तू समजूतदार आहेस, असं मी कळवलंय,’’ सर म्हणाले.

मला आनंद झाला. इथे मोठं काही लिहावंसं वाटतंय, की मला लाज वाटली, झोप लागली नाही वगैरे. पण झाला आनंदच. आईनं शेजारीपाजारी सांगून टाकलं, लोकरीचे कपडे काढून उन्हात टाकले. वडिलांनी मात्र विचारलं, ‘‘तिथे तुला ऑपरेशन करू देणार का?’’

‘‘नाही, फक्त बघायचं. परवाना लागतो ना तिकडे.’’

‘‘अस्सं. म्हणजे त्यांनी इथे येऊन करायचं आणि तू तिथे जाऊन बघायचं.’’ त्यांनी पेपरची घडी घातली. ‘‘छान वाटणी आहे.’’

मी त्यांच्यावर चिडले. वडिलांना दुसऱ्याच्या आनंदात मीठ कालवायची सवय आहे, असंही म्हणाले.

तिकडे माझ्या गळ्यात एक कार्ड अडकवलं, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘निरीक्षक’ अशा अर्थाचा शब्द. पहिल्या दिवशी एका बाईनं मला नियम समजावले. पेशंटला हात लावायचा नाही, यंत्राला लावायचा नाही, फाइलला लावायचा नाही. हात मागे बांधून उभं राहिलेलं बरं, म्हणजे चुकूनही लागत नाहीत. ती हे अगदी गोड आवाजात सांगत होती. आमच्याकडे पाहुण्यांना परवाना नसतानाही सुरी हातात मिळत होती, इथे मला पेन मिळेना. तेव्हा मला नियमांचा राग आला नाही. आपल्याकडे ते नव्हते, याचा आला.

दुसऱ्या दिवशी ओपीडीत एक म्हातारे गृहस्थ तपासणीला आले. नर्सनं त्यांना आधी बाहेरच विचारलं, की एक परदेशी डॉक्टर आत बसणार आहेत, चालेल ना? ते म्हणाले, नको, मला बरं वाटणार नाही. अगदी सभ्यपणे म्हणाले. नर्सनं माझ्याकडे बघितलं आणि मी उठून बाहेर गेले. कोणाला त्यात विशेष वाटलं नाही. कॉरिडॉरमध्ये कॉफीच्या मशीनजवळ मी वीस मिनिटं बसले. सुरुवातीला अपमान वाटला, रंगावरून असेल, पासपोर्टवरून असेल. मग हळूहळू वेगळंच काहीतरी लक्षात आलं. त्या माणसाला मी नुसती बघणार होते, तरी विचारलं होतं.

आमचा पाहुणा तिथे होताच. आता तो यजमान होता, मला घरी जेवायला घेऊन गेला, शहर दाखवलं. एका सकाळी मी त्याच्या ऑपरेशनला मागे उभी होते. यंत्रावरचं साधं ऑपरेशन. पेशंट बाईंना टेबलावर घेण्याआधी तो त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसला, मास्क खाली केला, स्वतःचं नाव सांगितलं. म्हणाला, मी अजून शिकतो आहे, माझे वरिष्ठ माझ्या शेजारी बसतील, अडचण आली तर ते हातात घेतील, तुम्हाला हे मान्य आहे का? बाईंनी दोन-तीन प्रश्न विचारले. मग हो म्हणाल्या. त्याचं इंग्रजी मी पहिल्यांदाच ऑपरेशन थिएटरमध्ये ऐकत होते. छान, शांत आवाज होता त्याचा.

त्याच आठवड्यात त्यानं विभागासमोर त्याच्या परदेशी प्रशिक्षणाबद्दल भाषण दिलं. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. पडद्यावर आधी रिक्षा आली, मग मंडईची इमारत आणि भाज्यांचे ढीग, मग आमची कॅम्पची बस. लोक कौतुकानं हुंकारत होते. मग आकडे. मग एक डोळा आला, भिंतीएवढा. खाली लिहिलं होतं, या केसनं मला सर्वांत जास्त शिकवलं. तो फार प्रामाणिकपणे बोलला. छेद लहान पडला, मी वेळीच थांबलो नाही, वरिष्ठांना उशिरा बोलावलं. एकही गोष्ट त्यानं लपवली नाही. शेवटी आभार मानले. माझ्याकडे हात करून म्हणाला, आणि भाषांतर करणाऱ्या माझ्या सहकारी. टाळ्या पडल्या. काही जणांनी मागे वळून माझ्याकडे बघून हसूनही दाखवलं.

तो आजींचा डोळा होता. पापणीच्या कोपऱ्यातला तीळ मला ओळखू आला.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याला गाठलं. म्हणाले, ‘‘इथे तू प्रत्येकाला सांगतोस, मी शिकतोय म्हणून. आमच्याकडे का नाही सांगितलंस?’’

तो खरंच गोंधळला. ‘‘मला बोलू नकोस असं सांगितलं होतं,’’ तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, ‘‘आणि तू होतीस ना बोलायला. तिची भाषा तुला येत होती. मला वाटलं, तू सांगितलं असशील.’’

माझ्या ताटातलं तसंच राहिलं. इतके दिवस मी त्याच्यावर, सरांवर, त्या बसवर, सगळ्या व्यवस्थेवर राग काढत होते आणि त्या रागात मला फार बरं वाटत होतं. त्यानं ते एका वाक्यात काढून घेतलं. तेही दुष्टपणे नाही, त्याला खरंच तसं वाटलं होतं.

मी परत आले तेव्हा माझं तिसरं वर्ष संपत आलं होतं. विमानात बसून मी ठरवलं होतं, की आता प्रत्येक पेशंटला कोण ऑपरेशन करणार ते सांगायचं, आणि आजींना गाठून सगळं खरं सांगायचं. विमानात ठरवायला सोपं असतं. आल्यावर महिना गेला, मी येरवड्याला गेले नाही.

त्याच आल्या. सुनेचा हात धरून, भर ओपीडीत. आता डावा डोळाही पिकला होता. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, तपासलं. डोळा चांगला होता, मागचं सगळं शाबूत होतं. नीट ऑपरेशन झालं तर दूर्वांची पानं मोजता आली असती. मला इतका आनंद झाला, की मी जवळजवळ ओरडलेच, ‘‘आजी, हा छान होईल!’’

‘‘व्हय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पर एक सांगू का? राग मानू नका, बाई. तुमच्या हातानं एक गेला. आता ह्यो येकच ऱ्हायलाय. त्यो गोरा डाक्टर हुता बगा, रोज हात जोडून जायचा. लई मायाळू. त्याच्याकडनं करून द्या की.’’

मग मी सांगितलं. खोलीचं दार उघडं होतं, बाहेर रांग होती, पलीकडच्या खोलीत सर होते, तरी सांगितलं. तो मायाळू माणूसच तुमचं ऑपरेशन करत होता. मी नुसती डोक्याशी उभी राहून बोलत होते. त्याला मराठी येत नव्हती, म्हणून मी. कोपरानं ढोसायचं तेही सांगितलं. बोलता बोलता मला रडू आलं आणि रडताना थोडं हलकंही वाटलं, आता झालं एकदाचं, असं.

आजींचा चेहरा हलला नाही. सुनेनं प्लास्टिकच्या पिशवीतून जुना केसपेपर काढला, उलगडला आणि बोट ठेवून वाचला. ती शिकलेली होती. ‘‘आत्या, हितं तर ह्यांचंच नाव हाय,’’ ती म्हणाली. ‘‘काय बिघडलं त्ये बी ह्यांनीच लिवलंय.’’

‘‘ते तसं लिहावं लागतं,’’ मी म्हणाले. म्हणताना माझं मलाच ते कसं वाटतंय ते कळलं.

‘‘तवा मी इचारलं, तुमीच करताय न्हवं,’’ आजी सावकाश म्हणाल्या. ‘‘तवा तुमी म्हनलात, मीच करतेय. आता म्हनता, मी न्हवते. त्यो बिचारा गेला त्याच्या देशाला, आता त्याच्यावर ढकलताय व्हय?’’

‘‘आजी, खोटं तेव्हा बोलले. आता खरं सांगतेय.’’

‘‘आसंल.’’

‘‘हा डोळा सर करतील. स्वतः सर. मी जबाबदारी घेते.’’

‘‘तुमी सांगनार,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आन् त्या फडक्याखाली मला कसं कळायचं, कोन करतंय त्ये?’’

मी म्हणाले, दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये चिठ्ठी देते, तिथे माझी ओळख आहे. चिठ्ठी सुनेनं घेतली. आजी उठल्या. दारातली पायरी त्यांना दिसली नाही, सुनेनं दंडाला धरून उतरवलं. रांगेतल्या माणसांनी वाट करून दिली.

चिठ्ठी घेऊन त्या तिकडे गेल्याच नाहीत, हे मला त्या हॉस्पिटलमधून कळलं. मी परीक्षा पास झाले. हात तयार झाला, आता कडक मोतीबिंदूही सहज निघतो, लोक नाव काढतात. सरांना अजून पाहुणे येतात. मी कुठे तक्रार केली नाही. केली असती तर पहिलं नाव माझंच निघालं असतं, हे कारण मी स्वतःला देते, आणि ते पुरतं.

मंडईच्या बाहेर दोनदा जाऊन बघितलं. ओळीच्या टोकाला दुसरीच बाई बसते. मग कॅम्पच्या नोंदवहीतला नंबर शोधून फोन केला. सुनेनं उचलला. हॉस्पिटलमधून बोलतेय, म्हणाले, आजींच्या दुसऱ्या डोळ्याचं काय झालं विचारायचं होतं. ‘‘काय व्हनार,’’ ती म्हणाली. ‘‘घरीच आसत्यात. ऑपरेशनला तयारच न्हाईत. कुनाचंच ऐकत न्हाईत.’’

‘‘दिसतं का काही?’’

‘‘उजेड दिसतो.’’

‘‘दोन्ही डोळ्यांनी तेवढंच?’’

‘‘व्हय, तेवढंच.’’ मागे आजींचा आवाज आला, काहीतरी विचारत होत्या. सुनेनं फोन तोंडाजवळ घेतला. ‘‘आत्या इचारतायत, कोन बोलतंय?’’

मी नाव सांगितलं नाही. फोन ठेवला.